विजेचा माग

मोटरसायकल हे आज महाराष्ट्राच्या खेडोपाडी आढळणारे वाहन आहे. शेतकरी तिच्यावरून खताचे पोते आणतो, पोस्टमन टपाल वाटतो, शिक्षक दूरच्या वाडीवरील शाळेत जातो, आणि रात्री-अपरात्री आजारी माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात नेण्याची वेळ आली, तर पुष्कळदा तीच उपयोगी पडते. तिला पेट्रोल लागते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु पेट्रोलाइतकीच तिला विजेचीही गरज असते, ही गोष्ट मात्र दिवा मंदावेपर्यंत, किंवा कळ दाबूनही इंजिन मुके राहीपर्यंत, फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही.

इंजिनात पेट्रोल पेटवणारी ठिणगी विजेची असते. पुढचा दिवा, मागचा तांबडा दिवा, वळण दाखवणारे दिवे आणि भोंगा हे सर्व विजेवरच चालतात. भारतात 2017 सालापासून बनणाऱ्या दुचाकींचा पुढचा दिवा तर इंजिन चालू असेपर्यंत भर दिवसाही आपोआप जळत राहतो. ही सारी वीज येते कोठून? बॅटरीतून, असे उत्तर बहुतेक जण देतील. पण ते अर्धेच खरे आहे. बॅटरी ही विजेची कोठी आहे, विजेचे शेत नव्हे. कोठीतून रोज धान्य काढले आणि शेतातून नवे आलेच नाही, तर कोठी कितीही मोठी असली तरी एक दिवस तिचा तळ दिसणारच.

विजेचे हे शेत पिकते कसे, याचे रहस्य 1831 साली मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने उकलले. फॅरडे हा गरीब लोहाराचा मुलगा. पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारी करताना, बांधावयास आलेली पुस्तके वाचून वाचून त्याला विज्ञानाची गोडी लागली. पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोग करीत असता त्याने तारेच्या वेटोळ्यात एक लोहचुंबक आत घातला. तारेला जोडलेल्या यंत्राचा काटा हलला. चुंबक आत तसाच स्थिर ठेवला, तेव्हा काटा जागेवर परत आला. चुंबक बाहेर ओढला, तेव्हा काटा पुन्हा हलला, पण या वेळी उलट दिशेने. चुंबक असून भागत नाही. तो हलला पाहिजे, तरच तारेत वीज उपजते, हे त्या प्रयोगाने सिद्ध झाले.

मोटरसायकलच्या इंजिनाच्या एका कुशीत हाच प्रयोग अखंड चालू असतो. इंजिनाच्या मुख्य दांड्याला चुंबक बसवलेले एक चक्र जोडलेले असते. त्याच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी स्थिर बसवलेली असतात. या वेटोळ्यांच्या संचाला स्टेटर म्हणतात. कारागीर त्याला नुसते ‘कॉइल’ म्हणतात. चक्र फिरले की वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते आणि पुष्कळ मोटरसायकलींत ती तीन तारांनी बाहेर येते.

परंतु ही वीज जशीच्या तशी बॅटरीत भरता येत नाही. फॅरडेच्या काट्याप्रमाणे ती एकदा या दिशेने तर एकदा त्या दिशेने धावते. बॅटरीला मात्र एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. शिवाय इंजिन संथ असताना वीज थोडी आणि वेगात असताना फार, असेही होते. म्हणून स्टेटर व बॅटरी यांच्या दरम्यान एक पेटी बसवलेली असते. तिच्यातील रेक्टिफायर हा भाग विजेला एकाच दिशेचे वळण लावतो, आणि रेग्युलेटर हा भाग तिचा दाब मर्यादेत ठेवतो. हे काम करताना पेटी तापते. म्हणूनच तिच्या पाठीवर वारा लागण्यासाठी धातूच्या पट्ट्या काढलेल्या असतात.

शेवटी येते ती बॅटरी. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 साली शिशाचे पत्रे व सौम्य गंधकाम्ल यांच्या साहाय्याने पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. मोटरसायकलची नेहमीची बॅटरी तिच्याच वंशातील आहे. तिच्यात सहा घरे असतात, आणि सहा मिळून सुमारे 12 व्होल्टांचा दाब मिळतो. चांगली भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून मोजली, तर तिचा दाब 12.6 ते 12.8 व्होल्ट भरतो. तिच्यात वीज भरावयाची, तर भरणाऱ्या विजेचा दाब त्याहून अधिक हवा. कारण पाणी उंचावरून सखल जागी वाहते, सखल जागेवरून उंचावर नव्हे. म्हणून इंजिन वेगात असताना बॅटरीच्या टोकांवर साधारणतः साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत.

विहिरीवर मोट चालावी, पाणी पाटाने वाहावे आणि हौदात साठावे, तशीच ही सारी व्यवस्था आहे. हौद कोरडा पडला, तर दोष हौदाचाच असतो असे नाही. मोट फाटली असेल, विहीर आटली असेल, किंवा मध्येच कोठे तरी पाट बुजला असेल. कोरड्या हौदाकडे पाहून यांपैकी काय घडले, ते सांगता येत नाही. त्यासाठी पाटाच्या कडेकडेने चालत जावे लागते.

एका दूधवाल्या गृहस्थांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ते रोज पहाटे चार वाजता चार वाड्यांवरील दूध गोळा करीत आणि उजाडण्यापूर्वी घाट उतरून ते डेअरीवर पोचते करीत. एका वर्षी पावसाळ्यानंतर त्यांच्या मोटरसायकलची बॅटरी वारंवार उतरू लागली. एका दुकानदाराने बॅटरी जुनी झाली असे सांगून नवी दिली. चार महिन्यांत तीही निकामी झाली. तेव्हा आणखी एक घेतली. ती जेमतेम दोन महिने चालली, आणि एका पहाटे घाटाच्या ऐन वळणावर दिवा काजव्यासारखा मिणमिणू लागला. पुढे दरी होती. गृहस्थांनी गाडी तेथेच थांबवली आणि उजाडेपर्यंत ते कठड्याशी बसून राहिले. त्या दिवशीचे दूध नासले. आता चौथी बॅटरी घ्यावी की गाडीच विकून टाकावी, अशा विचारात ते तालुक्याच्या गावी एका वृद्ध मिस्त्रींच्या गॅरेजात आले.

मिस्त्रींनी सर्व हकीकत शांतपणे ऐकून घेतली. त्यांच्याजवळ एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा उमेदवारी करीत होता. तो लगेच म्हणाला, “उस्ताद, बॅटऱ्या एकामागून एक जातात, म्हणजे कॉइलच जळलेली असणार. इंजिन उघडू का?”

“कॉइल जळलीही असेल,” मिस्त्री म्हणाले, “पण तू ते पाहिलेस, की नुसता अंदाज केलास? काकांनी दुसऱ्याच्या अंदाजापायी दोन बॅटऱ्यांचे पैसे घातले आहेत. आता आपल्या अंदाजापायी तिसरा खर्च नको. मल्टीमीटर आण, आणि भिंतीवरची पाटी पुसून घे. जे दिसेल ते लिहीत जाऊ.”

प्रथम त्यांनी बॅटरीच्या टोकांवरील स्क्रू घट्ट आहेत की नाही ते हाताने पाहिले आणि फ्यूज तपासला. दोन्ही ठीक होते. मग बॅटरी काढून ती रात्रभर बाहेरच्या चार्जरवर भरली व सकाळी काही तास तशीच ठेवली. रिकाम्या बॅटरीवर केलेली परीक्षा फसवी ठरते, म्हणून एवढा धीर धरणे अवश्य होते. नंतर मोजता दाब 12.7 व्होल्ट भरला. बॅटरी गाडीवर चढवून सेल्फची कळ दाबली, तेव्हा त्या ओझ्याखाली दाब 10.6 पर्यंत उतरला व कळ सोडताच पुन्हा वर आला. दुबळी बॅटरी असती, तर दाब याहून पुष्कळच खाली कोसळला असता. मुलाने पाटीवर लिहिले : ‘बॅटरी चांगली.’

इंजिन सुरू करून दिवा लावला व वेग वाढवला. बॅटरीच्या टोकांवर चौदाच्या जवळपास आकडा दिसावयास हवा होता. दिसला 12.4. वेग आणखी वाढवूनही त्यात फरक पडेना.

“बघा उस्ताद, वीज तयारच होत नाही!” मुलगा म्हणाला.

“वीज येथवर पोचत नाही, एवढेच या आकड्याने सांगितले. तयार होत नाही, असे त्याने अजून म्हटलेले नाही. जेवढे सांगितले, तेवढेच लिही.”

आता पाळी आली स्टेटरची. इंजिन बंद करून मिस्त्रींनी स्टेटरच्या तीन तारांचा कपलर सोडवला. मीटर ओहमवर ठेवून पहिली व दुसरी, दुसरी व तिसरी, तिसरी व पहिली अशा जोड्यांनी तारा तपासल्या. तिन्ही वेळा रोध सारखाच, एका ओहमहूनही कमी आला. मग प्रत्येक तार आणि इंजिनाचे अंग यांच्यामध्ये मोजले. तेथे काहीच जोड दिसला नाही, म्हणजे वेटोळ्यांचे वेष्टन शाबूत होते. शेवटी इंजिन सुरू करून वेगात असताना तिन्ही जोड्यांतील उलटसुलट वाहणाऱ्या विजेचा दाब पाहिला : 52, 52 आणि 51 व्होल्ट. यांतील एखादा आकडा इतरांहून बराच कमी आला असता, तर स्टेटर दोषी ठरला असता. तसे झाले नाही. मुलाने किंचित ओशाळून पाटीवर लिहिले : ‘कॉइल चांगली.’

इंजिन बंद करून कपलर पुन्हा जोडला आणि ते परत सुरू केले. मीटरची टोके आता रेग्युलेटरमधून बाहेर पडणाऱ्या तांबड्या व काळ्या तारांना लावली. आकडा दिसला 14.2. रेग्युलेटर आपले काम चोख करीत होता! मुलगा गोंधळला. पेटीतून 14.2 व्होल्ट निघतात, आणि हातभर अंतरावरील बॅटरीत 12.4 पोचतात. मग मधले 1.8 व्होल्ट गेले कोठे?

“हाच खरा प्रश्न,” मिस्त्री म्हणाले. “आता पाट शोधायचा.”

दिवा जळत ठेवून त्यांनी मीटरचे एक टोक रेग्युलेटरच्या तांबड्या तारेवर व दुसरे बॅटरीच्या धन टोकावर ठेवले. तार चांगली असेल, तर तिच्या दोन टोकांतील दाबात जवळजवळ फरक नसतो. फार तर दोन-तीन दशांश व्होल्टांचा असतो. येथे मीटरने 1.7 दाखवले. काळ्या तारेच्या बाजूला फक्त 0.1 दाखवले. दोहोंची बेरीज बरोबर 1.8 झाली. हरवलेल्या विजेचा हिशेब जुळला. दोष तांबड्या तारेच्या वाटेवर होता.

मिस्त्रींनी एक टोक बॅटरीवरच ठेवून दुसरे तांबड्या तारेवरील जोडाजोडाला लावीत नेले. बाजूच्या झाकणाआड, चिखल उडतो अशा जागी, एक छोटा कपलर होता. त्याच्या अलीकडे 1.7 व्होल्टांचा फरक दिसला, पलीकडे जवळजवळ शून्य. इंजिन बंद करून त्यांनी तो कपलर उघडला. आतील पितळी टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता, आणि पांढरे प्लास्टिक होरपळून तपकिरी झाले होते.

“एवढ्याशा गोष्टीने तीन बॅटऱ्यांचे मातेरे केले?” दूधवाल्या गृहस्थांनी आश्चर्याने विचारले.

“तिसरी वाचली आहे, काका,” मिस्त्री म्हणाले. “पहिल्या दोघींचा मात्र काही अपराध नव्हता. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखे झाले.”

एवढ्याशा जोडाने एवढे नुकसान कसे केले, याचेही कारण आहे. पावसाचे पाणी कपलरात शिरले आणि टोके गंजली. गंजातून वीज सहज जात नाही. ती अडते तेथे उष्णता उत्पन्न होते. त्या तारेतून सुमारे 5 अँपिअर प्रवाह जात होता आणि 1.7 व्होल्ट वाया जात होते. दोहोंचा गुणाकार साडेआठ वॉट होतो. नखाएवढ्या जागेत एवढी उष्णता कोंडली, तर प्लास्टिक होरपळणारच. उष्णतेने टोके सैल होतात, सैल टोकांतून वीज अधिक अडते, आणि अडलेली वीज आणखी उष्णता निर्माण करते. अशा रीतीने दोष स्वतःच स्वतःला वाढवीत नेतो.

इकडे बॅटरी सदैव अर्धपोटी राहते. शिसे व गंधकाम्ल यांपासून बनलेले एक क्षार तिच्या पत्र्यांवर जमते. बॅटरी वेळच्या वेळी भरली गेली, तर ते विरघळते; तशी ती भरली गेली नाही, तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि मग बॅटरी खरोखरच निकामी होते. दुकानदाराने मोजली असती, तरी ती खराबच निघाली असती. त्याचे निदान खोटे नव्हते, अपुरे होते. बिघडलेली बॅटरी हा दोषाचा परिणाम होता, आणि त्याने त्यालाच कारण मानले.

आणखी एक गोष्ट उमेदवाराला त्या दिवशी कळली. त्याने तोच गंजलेला कपलर जोडून इंजिन बंद असताना ओहमवर तपासला, तेव्हा मीटरने दोष जवळजवळ दाखवलाच नाही. रोध मोजताना मीटर फारच थोडा प्रवाह सोडतो, आणि तेवढा प्रवाह सडलेल्या जोडातूनही निभावून जातो. रिकाम्या गाडीखाली मोडका पूलही धड वाटतो. त्याची परीक्षा भरलेली गाडी जाते तेव्हाच होते. म्हणून असा जोड प्रवाह वाहत असतानाच तपासला पाहिजे.

दुरुस्ती मात्र सोपी होती. मिस्त्रींनी प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवले. मग तांबडी तार लालसर, लखलखीत तांबे दिसेपर्यंत मागे कापली. कारण काळवंडलेल्या तांब्यावर नवे टोक बसवले, तर जुनेच दुखणे पुन्हा उद्भवते. नवी पितळी टोके पक्कडीने घट्ट दाबून बसवली, नवा कपलर घातला, पाणी शिरू नये म्हणून त्यात थोडे ग्रीस भरले आणि चिखल उडणार नाही अशा रीतीने तार वर उचलून बांधली. जुळणी झाल्यावर इंजिन सुरू केले. बॅटरीवर आकडा दिसला 14.1.

“झाले का काम?” मुलाने विचारले.

“अजून नाही. रात्रभर गाडी येथेच उभी राहू दे. बंद गाडीतून कोठे वीज गळत असेल, तर तेही उद्या कळेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरीने 12.7 व्होल्ट दाखवले, तेव्हाच मिस्त्रींनी पाटी पुसली. नव्या टोकांचा व कपलरचा खर्च चहापाण्याच्या खर्चाहून फारसा अधिक नव्हता.

प्रत्येक मोटरसायकलचा दोष असाच कपलरमध्ये सापडेल, असे मात्र नाही. कधी स्टेटरच जळलेला असतो. कधी स्टेटर चांगला असून रेग्युलेटर निरुपयोगी ठरतो. तेव्हा पेटीतूनच चौदा व्होल्ट निघत नाहीत. कधी याच्या उलट घडते : रेग्युलेटर विजेला आवरू शकत नाही, दाब पंधरा व्होल्टांच्याही वर चढतो, बॅटरीतील पाणी आटते आणि दिव्यांच्या तारा जळतात. दोष निरनिराळे असतात. परंतु ते शोधण्याची वाट एकच. आकडेही प्रत्येक गाडीचे थोडे वेगळे असतात, म्हणून उत्पादकाने दिलेली पुस्तिका जवळ ठेवावी.

या कामात सावधगिरीही हवी. बॅटरी भरताना तिच्यातून ज्वालाग्राही वायू निघू शकतो, म्हणून तिच्याजवळ काडी ओढू नये. इंजिन चालू असताना बॅटरीच्या तारा कधीही सोडवू नयेत. त्यामुळे दाब एकाएकी उसळून इतर भाग जळण्याचा संभव असतो. इंजिनाचा धूर विषारी असतो, म्हणून परीक्षा मोकळ्या हवेत करावी. स्टेटरच्या उघड्या तारांना हात लावू नये, आणि जाणत्या माणसावाचून मुलांनी हे काम अंगावर घेऊ नये.

यंत्र बोलत नाही, असे म्हणतात. परंतु योग्य प्रश्न विचारला, तर ते नेमके उत्तर देते, आणि त्या उत्तरात खोटेपणा नसतो. घाई करणारा माणूस त्याला प्रश्न न विचारताच निकाल देतो. मग आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. खरा कारागीर एका वेळी एकच प्रश्न विचारतो, मिळालेले उत्तर लिहून ठेवतो आणि ते जेथे नेईल तेथेच जातो. वैद्याचा रोगी, शेतकऱ्याचे वाळणारे रोप आणि विद्यार्थ्याचे चुकलेले गणित यांनाही हाच न्याय लागू पडतो. जे दिसते ते बहुधा परिणाम असते; कारण त्याच्या मागे दडलेले असते. त्याचा माग काढण्यास हत्यारांपेक्षाही धीर आणि प्रामाणिकपणा अधिक लागतो.

अभ्यास

1. ‘बॅटरी ही विजेची कोठी आहे, विजेचे शेत नव्हे’, या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
2. फॅरडेच्या प्रयोगाचे व मोटरसायकलमधील स्टेटरचे साम्य सांगा.
3. मिस्त्रींनी कोणकोणत्या भागांची कोणत्या क्रमाने परीक्षा केली? हा क्रम त्यांनी का पाळला असावा?
4. ‘त्याचे निदान खोटे नव्हते, अपुरे होते.’ हे कोणाविषयी म्हटले आहे? का?
5. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : तळ दिसणे, मातेरे करणे, माग काढणे, अंगावर घेणे.
6. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ व ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ या म्हणींचे अर्थ सांगून त्यांतील फरक दाखवा.
7. तुमच्या घरातील किंवा शेतावरील एखाद्या वस्तूचा दोष कसा शोधला गेला, याचे दहा-बारा ओळींत वर्णन करा.